येळवसच्या रानातली गिनती

सगळ्यात आधी या ग्रुपवरच्या सगळ्यांची माफी मागते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या अनुभवांखाली मी काय काय लिहिलंय ते मला चांगलं आठवतं. "रात्री उशिरा जेवू नका", "डोळे तपासून घ्या", आणि त्या घाटातल्या बाईच्या गोष्टीखाली तर "द्यायची की लिफ्ट, दमली असेल बिचारी". हो, ती मीच. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणणार नाही. पण एक गोष्ट माझ्यासमोर, भर दुपारी, चांगल्या पंधरावीस माणसांत घडली आहे आणि तिचं काय करायचं ते मला कळत नाही. तुम्ही सगळे लिहिता की अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो... मला काटा नाही येत. मला लाज वाटते.

मी मूळची किनवटची. नांदेड जिल्ह्याचं पार टोक, जंगलाचा भाग. आमच्याकडं "काय करून राहिला" म्हणतात आणि लातुरात "काय करायलाव". नोकरीला इथं येऊन इतकी वर्षं झाली तरी ऑफिसात माझ्या 'राहिले'ची टिंगल चालूच असते. काम आकडेवारीचं. सरकारी कार्यालय आहे, नाव लिहीत नाही. जिल्ह्यात विहिरी किती, म्हशी किती, पिठाच्या गिरण्या किती हे गोळा करायचं आणि दरवर्षी पुस्तक छापायचं. वाचतं कोण विचारू नका. पण छापलेला आकडा चुकलेला मला सहन होत नाही. उभी बेरीज आणि आडवी बेरीज जुळली की मला त्या दिवशी जेवण गोड लागतं. नवरा म्हणतो, हिला देवापुढं बसवली तरी ही फुलं मोजत बसेल.

मागच्या वर्षी नवीन साहेब आले. त्यांनी काढलं की जिल्ह्यातून फौजेत गेलेल्यांची वेगळी पुस्तिका करायची, गावनिहाय. सेवेत किती, निवृत्त किती, सेवेत असताना मृत किती, असे तीन रकाने आणि शेवटी एकूण. साहेबांचं म्हणणं, देशाच्या फौजेचे आकडे दिल्लीवाले छापतात, पण आपल्या निलंग्याच्या नाहीतर चाकूरच्या कुठल्या गावातून किती पोरं गेली हे एका जागी कुठंच नाही. मला कल्पना आवडली. इतकी मन लावून मी म्हशींची पुस्तिका कधी केली नव्हती.

आता हे आकडे येतात कसे तेवढं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एक आकडा गावातून येतो, ग्रामसेवकाकडून. दुसरा येतो माजी सैनिकांचं काम बघणाऱ्या कार्यालयातून. दोन्ही सारखे आले की छापायचं. नाही आले की फोनाफोनी. बहुतेक वेळा कुणीतरी चौकशी न करताच 'निरंक' लिहून मोकळा झालेला असतो. निरंक म्हणजे आमच्या भाषेत, काही नाही.

निलंगा तालुक्यात कर्नाटकाच्या अंगाला एक चिंचोली आहे. नाव लिहायला हरकत नाही, आपल्याकडं चिंचोल्या पैशाला पासरी. या चिंचोलीचं एकूण जुळत होतं, पण आतलं जुळत नव्हतं. कार्यालयाच्या यादीत सेवेत असताना मृत एक. ग्रामसेवकाच्या यादीत मृत निरंक आणि सेवेतला एक जास्त. म्हणजे एकच माणूस एकीकडं मेलेला आणि दुसरीकडं नोकरीवर. मी ग्रामसेवकाला फोन लावला. शिंदे म्हणून आहेत, वयानं लहान, बोलायला मऊ.

"त्ये बालाजीचं हाय मॅडम," ते म्हणाले आणि थांबले.

मग हळूहळू सगळं निघालं. बालाजी म्हणजे गावातल्या सोजरबाईंचा एकुलता एक मुलगा. वडील लहानपणीच गेलेले. फौजेत होता, लग्न व्हायचं होतं. वर कुठं तरी डोंगरात त्यांची गाडी नदीत गेली. बाकीचे सापडले, बालाजी सापडला नाही. फौजेनं पुष्कळ शोधलं, वाट बघितली, आणि शेवटी नियमाप्रमाणे मृत म्हणून नोंद केली. पण सोजरबाईंनी मानलं नाही. दिवस घातले नाहीत, फोटोला हार घातला नाही. गावात कुणी त्याला मेला म्हणायचं नाही, अशी सगळ्या गावाला शपथ घातली.

"मग मी तरी कसं लिवू मॅडम? गळ्याची शपथ हाय."

"शिंदे, ही शपथ कुठल्या शासन निर्णयानं घातली? क्रमांक सांगा, फाइलला लावते," मी म्हणाले. आमच्या टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही हसले.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, एकाच जिल्ह्यातून दोन सरकारी आकडे बाहेर गेले तर लोक आपल्याला वेड्यात काढतील, तुम्ही प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करा. शिंदेंना विचारलं कधी येऊ, तर म्हणाले, येळवसला या. गावातले रिटायर झालेले आणि सुट्टीवर आलेले सगळे फौजी त्या दिवशी एकाच रानात जेवतात, एका जागी मोजून होतील.

बाहेरच्यांना येळवस माहीत नसेल. वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडं हा दिवाळीपेक्षा मोठा सण. आमच्या किनवटकडं नसतो. त्या दिवशी शहरं ओस पडतात आणि झाडून सगळी माणसं रानात. ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी करायची, तिच्यात दगडांचे पाच पांडव मांडून पूजा करायची, आणि मग बाजरीचे उंडे, आंबील आणि भज्जी, म्हणजे सगळ्या शेंगा-भाज्यांची एकत्र भाजी. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. आणि मला तर सुट्टीचा दिवस लोळायला मिळणार होता, तो गेला म्हणून मी सकाळपासूनच फणफणत होते.

एसटीनं निलंगा, तिथून शिंदेंच्या मोटारसायकलवर चिंचोली. रान सोजरबाईंचंच होतं. विहिरीला लागून हरभऱ्याचा तुकडा, पलीकडं पोटऱ्यात आलेली ज्वारी, मध्ये कोप. बालाजी गेला... नाही, बेपत्ता झाला, तेव्हापासून गावातले फौजी येळवसचं जेवण सोजरबाईंच्याच रानात करायचे, बायकापोरांसकट. कुणी ठरवलं नव्हतं, पडत गेलं तसं. फौजेतली जी दोघं-तिघं सुट्टीवर नव्हती, त्यांच्या घरच्यांनी मला तिथंच व्हिडिओ कॉल लावून दिले. तेवढे आकडे झाले.

सोजरबाईंना मी वेगळंच काहीतरी समजून गेले होते. रडवेली, खंगलेली वगैरे. बाई चांगली धट्टीकट्टी, तोंडानं फटकळ. मी आखडून बसले तर म्हणाली, "अवो बाई, खावा की! सरकारी मानसाला पोट नसतं व्हय?" असं म्हणून भज्जीवर भज्जी वाढली. आंबिलीचा तांब्या रिकामा झाला की भरून समोर. मी आयुष्यात तसली भज्जी खाल्ली नाही. कुणीतरी माझ्या 'करून राहिले'वर हसलं तर सोजरबाईनं त्यालाच झापलं, "तिची बोली हाय ती! तू काय इंग्लंडात जलमलास?" तिच्या हातचं मी पोटभर जेवले, हे लक्षात ठेवा.

जेवताना फौजींच्या गप्पा चालल्या होत्या. त्यांच्यातले वडीलधारे ज्ञानोबा हवालदार. मिश्या पांढऱ्या, पाठ ताठ. रिटायर झाल्यापासून गावातल्या पोरांची भरतीची तयारी तेच करून घेत, त्या पंगतीतली निम्मी पोरं त्यांच्याच हाताखालून गेलेली. बोलता बोलता बालाजीचा विषय निघालाच. निघतो तसा, हसत.

"पळायला वारा हुता पोरगं," हवालदार म्हणाले. "पण गिनती घेतली की बोंब. सगळी हिंदीत बोलायलेत, आन् ह्यो मराठीत! नौ म्हन रं, नौ. तर ह्यो नऊ! ट्रेनिंग सेंटरला त्याच्यापायी किती चकरा मारल्या असतील ग्राउंडला."

"अजून बी तसंच म्हनत असंल," सोजरबाई वाढता वाढता म्हणाली. सगळे 'व्हय व्हय' म्हणाले. मी शिंदेंकडं बघितलं, त्यांनी ताटात बघितलं.

जेवणं झाल्यावर मी हात धुवायला उठले तेव्हा कोपीत मला ते ताट दिसलं. पांडवांच्या शेजारी, पुरं वाढलेलं. भज्जी, उंडे, खीर, शेजारी पाण्याचा तांब्या.

"हे कुणाचं, मावशी?"

"बालाजीचं."

मी म्हटलं, आता विषय निघालाच आहे तर बोलून टाकावं. मी गोड आवाजात सुरुवात केली. फौजेच्या कागदावर काय लिहिलंय, आमच्या पुस्तिकेत तीनच रकाने कसे आहेत, बेपत्ता असा रकाना कसा नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या कागदात काय बी लिवा, मी कुठं बघायला येतेय? पर त्याला मेला म्हनू नका, बाई. त्यो सेवेतच हाय. सुट्टी भेटली न्हाई त्याला, एवढंच."

"मावशी, छापील पुस्तक आहे. खोटं कसं छापू?"

"खोटं कसं? रानात फौजी मोजा की. हवालदार सोडून नऊ हायती."

"आठ आहेत," मी म्हणाले. "मी दोनदा मोजलेत."

"नऊ."

"मावशी, आठ!"

"नऊ हायती माय, बसलीत की सगळी तिथं," ती म्हणाली आणि खरकटी भांडी गोळा करायला लागली. विषय संपल्यासारखी.

आता मला काय झालं ते मी कितीतरी वेळा स्वतःला विचारलंय. सुट्टी गेल्याचा राग होता, ऊन होतं, की माझा आकडा कुणीतरी असा भांडं विसळता विसळता खोडून काढला ते सोसलं नाही... सोसलं नाही, हेच खरं. एका अडाणी म्हातारीपुढं माझी बेरीज चुकीची ठरत होती. मला तिला दाखवून द्यायचं होतं.

"चला, मोजूनच घेऊ," मी म्हणाले. "तुमच्यासमोर."

मी हवालदारांना म्हटलं, काका, पडताळणीला व्हिडिओ लागतो, यांना जरा रांगेत उभं करून गिनती घ्या. ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना कळलं होतं मी कशाला म्हणतेय ते. "नको मॅडम," ते हळूच म्हणाले, "सणाचं नको. उंद्या गावात घिऊ." मी म्हटलं, उद्या यायला मला गाडी कोण देणार? शिंदे मोबाइल काढून उभे राहिले, त्यांना फाइलला फोटो हवाच होता. बाकीच्या पोरांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना गंमत वाटली. ढेकर देत, एकमेकांना ढकलत, एक जण तर दातात काडी धरून, असे ते हरभऱ्याच्या बांधावर ओळीत उभे राहिले. बायका हसायला लागल्या. कुणाची तरी बायको म्हणाली, पोट आत घ्या की.

सोजरबाई कोपीच्या तोंडाशी उभी होती. मी मुद्दाम तिच्याजवळ जाऊन उभी राहिले, रांगेकडं अर्धी पाठ करून. मला तिचं तोंड बघायचं होतं आठ झाल्यावर. तेवढ्यासाठीच मी तिथं उभी होते.

"लाइन... सावधान!" हवालदार ओरडले. हसणं थांबलं. रिटायर झालेली माणसंसुद्धा एकदम ताठ झाली. "दाहिने से... गिनती कर!"

"एक!" "दो!" "तीन!" "चार!" "पाँच!" "छे!" "सात!" "आठ!"

मी तोंड उघडलं. "बघितलं, मावशी..." एवढं म्हणाले.

"नऊ!"

माझ्या पाठीमागून. रांगेच्या डाव्या टोकाकडून. खणखणीत तरुण आवाज, जरासा घाईतला, तोंडात घास असल्यासारखा. आणि मराठीत.

मी रांगेकडं बघतच नव्हते, त्यामुळं तिथं काय होतं ते मी सांगू शकत नाही. मी सोजरबाईच्या तोंडाकडं बघत होते, आणि ते मी सांगते. आवाज आला तसं तिचं तोंड उजळलं. दारात गाडी थांबल्यावर घरातलं माणूस जसं लगबगीनं बाहेर येतं, अगदी तसं. तिनं पदर सावरून एक पाऊल पुढं टाकलंसुद्धा. मग तिची नजर रांगेच्या टोकाला गेली, तिथं थांबली, आणि तिथंच राहिली. तोंडावरचं ते सगळं हळूहळू गेलं. हे मी दोन हातांवरून बघितलं.

मग मी वळले. आठ जण उभे होते. शेवटचा जो होता तो मान डावीकडं वळवून शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघत होता. त्याच्या दातातली काडी खाली पडली होती. तिथं बांध होता, गवत होतं, त्यापलीकडं नुसता हरभरा, गुडघ्याएवढाही नाही. लपायला एक झुडूप नाही. पोरंटोरं विहिरीच्या पार त्या बाजूला, चिंचेला बांधलेल्या झोक्यावर.

हवालदार तसेच सावधानमध्ये. "विश्राम" म्हणायला हवं होतं, पण ते त्यांच्या तोंडातून निघेना, आणि ते निघत नाही तोवर रांग हलेना.

सोजरबाई चालत गेली. रांगेसमोरून, एकेकाच्या तोंडाकडं बघत, शेवटच्याच्याही पुढं. त्या मोकळ्या जागेसमोर उभी राहिली. हात वर केला, आपल्यापेक्षा उंच पोराच्या गालाला लावायला करतो तेवढा, आणि तसाच थोडा वेळ धरला. मग खाली घेतला आणि हवालदारांकडं वळली.

"ग्यानबा, सोड की त्याला. किती येळ उभा करतोस?"

हवालदारांनी दोनदा घसा खाकरला. "लाइन..." त्यांचा आवाज फाटला. "लाइन... तोड."

आठही जण मटकन खाली बसले. दोघं रडत होते. फौजी माणसं, ओक्साबोक्शी रडत होती. मी तिथंच उभी होते, हातात पेन. सोजरबाई माझ्यासमोर आली. मी म्हणाले, म्हणजे अक्षरशः तोंडाला येईल ते म्हणाले, की मावशी, मी सेवेतच लिहिते, नऊ लिहिते, चुकलं माझं, मी स्वतः ऐकलंय, मी साहेबांना सांगते...

"न्हाई," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "मेला म्हनून लिवा."

"पण मावशी, आत्ताच..."

"बाई, जित्ता मानूस दिसतो. दिसला असता न्हवं मला? नुस्ता आवाज कुनाचा येतो, एवढं बी कळत न्हाई व्हय मला?" तिनं माझ्या हातातल्या पेनाकडं बघितलं. "इतकी वर्सं कुनी त्याला हाक मारली न्हाई, तर आला न्हाई त्यो. लांब का हुईना, हाय म्हनून ऱ्हायले. आज तुमी बोलवलं आन् आला. लिवा आता. खोटं कशाला?"

मग ती कोपीत गेली, ते ताट उचललं आणि बैलापुढं ठेवलं. एक घासही त्यातला कमी झालेला नव्हता. मी बघितलं. मला वाटत होतं निदान तेवढं तरी झालेलं असावं.

परत येताना निलंग्याच्या स्टँडवर शिंदेंनी मोबाइल काढला आणि तो व्हिडिओ आम्ही बघितला, कानाला लावून ऐकला. एक ते आठ स्वच्छ आहे. त्यानंतर माझं अर्धवट 'बघितलं, मावशी', आणि मग वारा. तो आवाज नाही. पण 'आठ' झाल्यावर क्षणभरानं, चित्रातली यच्चयावत माणसं, रांगेतली, मागं बसलेल्या बायका, हवालदार, सगळी एकदम रांगेच्या त्या टोकाकडं मान वळवतात. काहीच झालं नाही, तर एवढी माणसं एका दमात कुठं बघत होती? पुढं ऑफिसात साहेबांसमोर शिंदे म्हणाले, "मला काय ऐकू आलं न्हाई सर." मी त्यांना दोष देत नाही. मी तरी कुठं बोलले?

मी सगळे खुलासे करून बघितलेत. म्हणू नका की केले नाहीत. प्रतिध्वनी म्हणावा तर आठचा नऊ कसा होईल? शेजारच्या रानातून कुणी थट्टा केली म्हणावी, तर पलीकडचं रान पडीक होतं आणि आवाज बांधावरून आला होता. रांगेतल्याच कुणी केलं असेल... त्या आठ जणांची तोंडं बघितलेली मी, त्यांच्यावर असला आळ घेणार नाही. आधी गोष्ट ऐकली होती म्हणून सगळ्यांना एकाच वेळी भास झाला? तज्ज्ञ मंडळी सांगतील तसंही. मला पटत नाही, पण माझ्याकडं दुसरं काही नाही.

पुस्तिका छापली गेली. चिंचोलीच्या ओळीत सेवेत असताना मृत, एक. दोन्ही कार्यालयांचे आकडे जुळले. प्रकाशनाला साहेबांनी माइकवर माझं नाव घेतलं, की आमच्या मॅडमनी सणाच्या दिवशी बांधावर जाऊन पडताळणी केली, याला म्हणतात आकडेवारी. टाळ्या वाजल्या, मला बुके दिला. मी खाली मान घालून घेतला, लोकांना वाटलं विनय. जाताना मी तो रिक्षातच ठेवून उतरले. घरी नवऱ्यानं पुस्तिका बघायला मागितली, तर मी त्याच्यावर उगाच खेकसले.

त्याच्याही आधी, येळवसनंतर थोड्याच दिवसांत, शिंदेंचा फोन आला होता. सोजरबाई दिवस घालणार होती, तेराव्याला मला बोलावलं होतं. "आजी म्हनली, त्या बाईला नक्की सांग, तिच्यामुळं झालं हे." मी विचारलं, शिंदे, कशा म्हणाल्या? रागानं म्हणाल्या का? ते म्हणाले, "न्हाई वो, साधंच." मी मीटिंग आहे म्हणून सांगितलं. मीटिंग नव्हती. मी त्या दिवशी घरी बसून होते, आणि दिवसभर मला कळेना की तिनं माझे आभार मानलेत की मला शिव्या घातल्यात.

बरोबर आकडा छापला म्हणून लाज वाटणारी या खात्यात मी एकटीच असेन. आवाज कुणाचा होता, कसा आला, याचं उत्तर माझ्याकडं नाही आणि तुमच्यातल्या कुणाकडं असेल असंही वाटत नाही. मला एवढंच कळतं की एक बाई दरवर्षी एक ताट वाढून सुखानं दिवस काढत होती, आणि मी तिचं तोंड कसं पडतं ते बघायला तिच्याजवळ जाऊन उभी राहिले होते. ते मला बघायला मिळालं.

हे आजच लिहायचं कारण म्हणजे काल परत शिंदेंचा फोन आला. येळवस पुढच्या आठवड्यात आहे. म्हणाले, सगळे फौजी औंदाही तिथंच जेवणार आहेत, आणि आजीनं विचारलंय, ती किनवटची बाई येणार का?

मी म्हटलं, बघते, कळवते.

"या मॅडम," शिंदे म्हणाले. "आजी म्हनायलीय, आली तर आली, न्हाई आली तरी तिचं ताट वाढून ठिवते म्हनून."

मी अजून काही कळवलेलं नाही.